गोळी मोजून घेता, मग चहा का मोजत नाही?

वाचकाचं पत्र (ओळख लपवून, थोडक्यात): परभणी जिल्ह्यातले एक वाचक, वय २९, एका फायनान्स कंपनीत वसुलीचं काम करतात. रोज बाईकवर पाच-सहा गावं. शाळेपासूनच विसराळूपणा, धांदरटपणा, हातातलं काम अर्ध्यात सोडून दुसरंच धरायचं, त्यावरून घरी आणि ऑफिसात बोलणी खाल्लेली. मागच्या वर्षी संभाजीनगरला सायकियाट्रिस्टना दाखवलं, त्यांनी एडीएचडी (लक्ष टिकू न देणारा मेंदूचा त्रास) असल्याचं सांगितलं आणि मिथाइलफेनिडेटची दिवसभर चालणारी गोळी सुरू केली. फरक चांगला पडला, पावती बुकाचा हिशोब पहिल्यांदाच जुळायला लागला. पण गेल्या दोन महिन्यांपासून दुपारच्याला छाती धडधडते, हात थरथरतात, एकदा तर एका शेतकऱ्याच्या ओसरीवर डोळ्यापुढं अंधारी येऊन खाली बसावं लागलं. गावात गेलं की घरोघरी चहा होतोच, दिवसाकाठी आठ-दहा कप. भूक लागत नाही म्हणून डबा तसाच परत येतो. रात्री स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसताना एक एनर्जी ड्रिंक, डोकं दुखलं की मेडिकलवरची गोळी, आणि झोपायला रात्रीचे दोन. वडील म्हणतात गोळी उष्ण पडली. बायको म्हणते याची सवय लागंल, बंदच करा. म्हणून ज्या दिवशी गावं जास्त असतात त्या दिवशी ते गोळी घेतच नाहीत. डॉक्टरांनी चहाचं विचारलं होतं तेव्हा "दोन-तीन कप" असं सांगून टाकलं. रविवारी घरी असताना मात्र गोळी घेऊनही काही त्रास होत नाही. त्यांचा प्रश्न आहे, "गोळी कायमची बंद करू का? आणि चहाला नाही म्हणलं तर लोक दारात उभं करणार नाहीत, मग वसुली कशी करू?"

भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी एक काम सांगते, ते वाचणं थांबवून केलं तरी चालेल. तुमच्या डॉक्टरांना या आठवड्यातच फोन लावा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. धडधड होणं एक आणि अंधारी येऊन खाली बसावं लागणं एक, ही दुसरी गोष्ट त्यांना माहीत असायलाच पाहिजे, आणि उद्याची गोळी घ्यायची का नाही हेही त्यांनाच विचारा. तुमच्या घरात कुणी कमी वयात अचानक गेलं असेल, झोपेत किंवा काम करता करता, किंवा कुणाला हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल, तर तेही सांगा. ते बहुतेक ईसीजी काढायला सांगतील, तो काढा. आणि मधल्या काळात छातीत दुखलं, शुद्ध हरपली, दम लागून बोलता येईना, किंवा शांत बसल्यावरही ठोके वेडेवाकडे पडत राहिले, तर फोनाफोनी करत बसू नका, १०८ ला कॉल करा. आणि अंधारी आल्यासारखं वाटलं तर बाईक तिथंच उभी करा, पुढचं गाव उद्या.

आता मुद्द्याचं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला एक गोष्ट दिसली. तुम्ही गोळीला औषध धरलंय आणि चहाला पाहुणचार. त्यामुळं त्रास झाला की संशय सरळ गोळीवर जातो, वडलांचा पण, बायकोचा पण आणि तुमचा पण. चहावर कुणाचाच जात नाही, कारण चहा तर आपण लेकरू असल्यापासून पितो, आजोबा पीत होते, त्यांना कुठं काय झालं. पण शरीराला हा फरक कळत नाही. चहातलं कॅफिन हे पण उत्तेजकच आहे, गोळी पण उत्तेजक आहे, आणि दोन्ही मिळून तुमच्या हृदयाला एकाच दिशेनं ढकलतात.

थोडं समजावून सांगते. आपण जागे असतो तसतसं मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं, ते "दमलास, आता थांब" असा निरोप देतं. कॅफिन जाऊन त्या निरोपाची वाट अडवतं. म्हणून चहा पिल्यावर तरतरी येते, थकवा मात्र आहे तिथंच असतो, फक्त कळत नाही. विहीर आटत आलीय आणि मोटर चालूच ठेवलीय असं ते आहे. मिथाइलफेनिडेटचं काम वेगळं आहे, ते मेंदूतली डोपामिन आणि नॉरअॅड्रिनालिन ही निरोप पोचवणारी द्रव्यं लवकर उचलली जाऊ देत नाही, त्यामुळं लक्ष टिकतं, हातातलं काम पुरं होतं. पण नॉरअॅड्रिनालिन वाढलं की नाडी आणि बीपी पण थोडं वर जातं. एकट्या गोळीनं बहुतेकांना हे एवढं कमी होतं की जाणवत पण नाही. त्यावर कॅफिन पडलं, की तेही नाडी-बीपीला वरच नेतं, हातात थरथर आणतं, जिवाला अस्वस्थ करतं. इथं एक गैरसमज असतो की चहामुळं गोळी रक्तात जास्त साचत असेल. तसं नाही, दोन्हींची शरीरातून जायची वाट वेगवेगळी आहे, एकामुळं दुसरं अडकून राहत नाही. दोघांचा परिणाम एकावर एक चढतो एवढंच.

आणि पुरावा तर तुम्हीच पत्रात लिहिलाय. रविवारी गोळी असते आणि त्रास नसतो. कामाच्या दिवशी गोळी असते आणि त्रास असतो. मग गोळी तर दोन्हीकडं सारखीच आहे ना? बदलतं काय तर चहाचे कप, उपाशी पोट, ऊन आणि रात्रीची झोप. हे बघितल्यावर फक्त गोळीला पकडून बाहेर काढणं मला तरी बरोबर वाटत नाही. गोळीचा यात हात नाही असं मी म्हणत नाहीये, आहेच. पण या सगळ्यात डॉक्टरांनी मोजून मापून दिलेली तेवढी एकच गोष्ट आहे, आणि तुम्ही नेमकी तीच बंद करताय.

कपांचा हिशोब करू. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १५० मिली चहाच्या कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं असं दिलंय आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका असं सांगितलंय. आपल्याकडं गावात कप छोटा असतो हे खरं, पण चहा उकळून उकळून लाल केलेला असतो आणि पत्ती जेवढी जास्त उकळंल तेवढं कॅफिन जास्त उतरतं. समजा छोट्या कपाला २५ धरले तरी दहा कपांचे २५० झाले. एनर्जी ड्रिंकमध्ये आपल्याकडच्या नियमानं लिटरला ३०० पर्यंत कॅफिन चालतं, म्हणजे २५० मिलीच्या एका बाटलीत ७५ पर्यंत. झाले ३२५. त्यात डोकेदुखीची गोळी. सॅरिडॉनसारख्या गोळीत पॅरासिटामॉलसोबत कॅफिन पण असतं, एका गोळीत ५० मिलिग्रॅम. स्ट्रिपच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतंय, कुणी वाचत नाही. म्हणजे ३७५, आणि हा हिशोब हात राखून केलेला आहे. वरची ३०० ची मर्यादा पण धडधाकट, कुठलंच औषध चालू नसलेल्या माणसासाठी आहे. उत्तेजक गोळी चालू असलेल्यासाठी आकडा त्याच्यापेक्षा खालीच धरायचा, किती खाली ते तुमची नाडी आणि बीपी बघून डॉक्टर सांगतील.

आता वडलांचं. "गोळी उष्ण पडली" असं ते म्हणतात, त्यांना हसू नका आणि उडवून पण लावू नका. त्यांनी जे बघितलंय ते खरं आहे, तुमचं तोंड कोरडं पडतंय, तळहाताला घाम येतोय, चिडचिड होतीय, जेवण जात नाही. बाप लेकराकडं बघतो तेव्हा त्याला हे दिसणारच. फक्त त्याचं कारण त्यांनी एकट्या गोळीत शोधलंय. तुमच्या गोळीनं भूक मरते, हा तिचा नेहमीचा परिणाम आहे, आणि भूक मेली की माणूस चहावर दिवस काढतो. वरून परभणीचा उन्हाळा, पारा ४२ च्या वर, बाईकवर डोक्याला रुमाल बांधून धुळीत फिरायचं, पाणी प्यायची आठवण नाही. शरीरातलं पाणी कमी झालं तरी ठोके वाढतात, एवढं एकच कारण पण अंधारी यायला पुरेसं असतं. म्हणजे ओसरीवर त्या दिवशी तुमच्यात काय काय एकत्र झालं होतं बघा. आदल्या रात्रीची चार-साडेचार तासांची झोप, सकाळपासून पोटात अन्न नाही, ऊन, सातवा का आठवा चहा आणि गोळी.

गोळी घ्यायच्या आधी पोटभर खा, हे मी तुम्हाला हात जोडून सांगते. गोळीनं भूक मारायच्या आत जे पोटात जाईल तेच तुमचं. दोन धपाटे आणि दही, नाहीतर वाटीभर चुरमुऱ्यांची सुशीला आणि वर शेंगदाणे, काहीही चालतं पण बसून खा. दुपारी भूक नसली तरी घड्याळ बघून अर्धी भाकरी खा, भुकेची वाट बघू नका, ती संध्याकाळशिवाय यायची नाही. दोन लिटरची बाटली बाईकला अडकवून ठेवा.

बायकोचं म्हणणं वेगळं आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला पाहिजे. सवय लागंल ही भीती रास्त आहे. ही गोळी कडक नियमांखाली येते, मेडिकलवाला डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतीत मागतो, एक स्वतःकडं ठेवून घेतो. हे घरच्यांनी बघितलं की त्यांच्या मनात पाल चुकचुकणारच, की असं काय औषध आहे जे साधं मिळत नाही. नियम कडक आहेत कारण या औषधाचा गैरवापर होऊ शकतो, लोक जास्त घेतात, चुरून घेतात, दुसऱ्याला देतात. पण डॉक्टरांच्या देखरेखीत, ठरलेल्या डोसमध्ये, तोंडानं घेतलेल्या गोळीत हा धोका कमी असतो. आता वहिनींसमोर तुम्हालाच एक विचारते. रविवारी सकाळचा चहा दहा वाजेपर्यंत मिळाला नाही तर तुमचं डोकं दुखायला लागतं का? बहुतेक दुखत असंल. कॅफिन अचानक बंद झालं की १२ ते २४ तासांत डोकेदुखी, मरगळ, चिडचिड सुरू होते आणि दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत राहू शकते, मानसोपचाराच्या निदानाच्या पुस्तकात याला स्वतंत्र जागा आहे. म्हणजे सवयीचीच काळजी करायची तर ती तुम्हाला आधीच लागलेली आहे, आणि ती चहाची आहे. हे घरात भांडायला नाही सांगत, दोन्ही गोष्टी एकाच ताजव्यात तोलल्या जाव्यात म्हणून सांगते.

आता तुमच्या त्या "गावं जास्त असली की गोळी नाही" या उपायाबद्दल. त्यामागचा विचार मला कळतो, दोन्ही सोबत नको म्हणून तुम्ही एक कमी केलं, आणि जी परकी वाटते ती कमी केली. पण त्या दिवशी काय होतं ते बघा. जास्त गावांचा दिवस म्हणजे सगळ्यात जास्त पैसे मोजायचे, सगळ्यात जास्त पावत्या फाडायच्या, सगळ्यात जास्त बाईक चालवायची. लक्ष लागणं ज्या दिवशी सगळ्यात गरजेचं आहे त्याच दिवशी तुम्ही विनागोळीचे असता. मग लक्ष लागत नाही म्हणून चहा वाढतो, चहा वाढला की रात्री झोप नाही, झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी गोळी कमी पडल्यासारखी वाटते. काही डॉक्टर काही पेशंटना सुट्टीच्या दिवशी गोळी न घ्यायची मुभा देतात, पण ते त्यांनी ठरवायचं असतं, चहाच्या संख्येवरून आपण नाही. आणि ती दिवसभर चालणारी गोळी अर्धी तोडून, चावून किंवा चुरून घ्यायचा विचार पण करू नका, दिवसभरात हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटली ती त्या "दोन-तीन कप" वाल्या उत्तराची. खोटं बोलायचं म्हणून तुम्ही बोलला नाहीत हे मला माहीत आहे, डॉक्टरांसमोर आपण सगळेच आपला चांगला चेहरा घेऊन बसतो. पण विचार करा, तुम्ही संभाजीनगरला कसे जाता? सुट्टी टाकून, पहाटेच्या गाडीनं, स्टँडवर घाईत एखादा चहा, ना ऊन, ना गावं. तिथं त्यांनी बीपी बघितलं तर ते चांगलंच येणार. आणि तुम्ही सांगणार की दुपारनंतर लक्ष लागत नाही, रात्री अभ्यास होत नाही. समोरच्या माणसाकडं एवढीच माहिती असली तर तो कदाचित डोस वाढवायचा विचार करंल, आणि त्यात चूक त्याची नसंल. दहा चहावाल्या माणसाला दोन चहावाल्या माणसाचा डोस मिळंल.

म्हणून कामाच्या दिवसाचं बीपी त्यांना कळू द्या. तुमच्या रूटवर कुठंतरी उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र असंलच, दुपारच्याला तिथं थांबा, पाच मिनिटं शांत बसा आणि बीपी-नाडी बघून घ्या, पैसे लागत नाहीत. चहा पिऊन लगेच मोजू नका, अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर आकडा उगीच वर दिसतो. वहीच्या एका पानावर रोज गोळी किती वाजता, कप किती आणि शेवटचा कधी, जेवण झालं का, त्रास झाला का, झोप किती, एवढं लिहा. तुमच्यासारख्याला रोज लिहून ठेवणं जड जातं हे मी जाणून आहे, म्हणून पावती बुकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर कपागणिक एक रेघ मारा, बाकी रात्री.

आता चहा कमी कसा करायचा. एकदम बंद करू नका, वर सांगितलेली डोकेदुखी सुरू होईल आणि तिसऱ्याच दिवशी तुम्ही परत दहावर याल. दहाचे सात करा, चार-पाच दिवस तिथंच राहा, मग पाच, मग तीन. ठेवायचे कप पण ठरवून ठेवा, एक सकाळी खाल्ल्यानंतर आणि एक-दोन दुपारी तीनच्या आत. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको असं त्याच मार्गदर्शक तत्त्वांत आहे, चहामुळं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. डोकं दुखलंच तर मेडिकलवर नाव सांगून गोळी मागू नका, "साधी पॅरासिटामॉल द्या, कॅफिन नसलेली" असं म्हणा. सर्दीच्या गोळ्यांचं पण तसंच, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांमध्ये फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं, ते बीपी वाढवतं, आणि काहींत वरून कॅफिन पण असतं. अजून एक, जुलाब किंवा लघवीच्या जळजळीला आपल्याकडं सिप्रोफ्लॉक्सॅसिन लगेच लिहून देतात, त्या गोळीनं कॅफिन शरीरातून निघायला फार वेळ लावतं, नेहमीचा एक कप दोनचं काम करतो. तो कोर्स चालू असंल तेवढे दिवस चहा अगदी नावापुरता ठेवा.

एनर्जी ड्रिंक मात्र आजपासून बंद, हे हळूहळू नाही. कॅफिनचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला पिलेल्या बाटलीतलं अर्धं कॅफिन दोन वाजता तुमच्या रक्तात आहे, आणि तुम्हाला दोनलाच झोप लागते. २०१३ च्या एका अभ्यासात झोपायच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननं सुद्धा झोप तासाभरापेक्षा जास्त कमी झाली होती. तुमची गोळी संध्याकाळी उतरायला लागते तेव्हा थकवा आणि चिडचिड येते, ती उतरतानाची मरगळ असते, आणि नेमकं त्याच वेळी तुम्ही बाटली उघडता. त्यापेक्षा आल्या आल्या जेवा, अर्धा तास पडा, तासभर जे होईल ते वाचा आणि अकराला आडवे व्हा. अभ्यास सकाळी सहाला, गोळी पण डॉक्टर हो म्हणाले तर थोडी लवकर घेता येईल. झोप नसली तर एडीएचडी नसलेल्या माणसाचं पण लक्ष लागत नाही, तुमचं कुठून लागणार.

हे वाचणारी परीक्षेची पोरं-पोरी पण असतील, लातूरच्या क्लासेसमधली, संभाजीनगरच्या अभ्यासिकांमधली, त्यांच्यासाठी इथंच सांगते. मित्राची "लक्ष लागायची गोळी" घेऊन वर कॉफी मारायची, हे करू नका. त्या मित्राची तपासणी झालीय, तुमची नाही. तुमच्या हृदयात काही जन्मजात दोष असंल तर तो तुम्हाला माहीत नसतो. आणि ज्याच्याकडं चिठ्ठी आहे त्यानं ती गोळी दुसऱ्याला देणं हा साधा शेजारधर्म नाही, मिथाइलफेनिडेट एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. मागितली तर सरळ नाही म्हणा, मैत्री तुटत असंल तर तुटू द्या.

राहिला चहाला नाही कसं म्हणायचं हा प्रश्न, आणि भाऊ, मला हा प्रश्न छोटा वाटत नाही. वसुलीला आलेल्या माणसाला सुद्धा ज्या घरात चहा टाकतात, ज्यांच्या कपाशीला भाव नाही, हप्ता द्यायला पैसे नाहीत, तिथं तो चहा म्हणजे त्या घराची अब्रू असते. कप परत केला तर बाईला वाटतं आमच्या घरचं चालत नाही. म्हणून "नको" म्हणू नका, "पथ्य आहे" म्हणा. आपल्याकडं पथ्याचा मान सगळे ठेवतात, "डॉक्टरनं चहाचं पथ्य सांगितलंय, आक्का, पाणी द्या, ताक असलं तर ताक द्या" असं म्हणलं की तीच बाई उलट काळजीनं विचारील, पित्त आहे का म्हणून. हो म्हणायची गरज नाही, गोळीचं सांगायची तर मुळीच गरज नाही, "जरा त्रास आहे" एवढं पुरे. पाहुण्याला आधी गूळ-पाणी द्यायची आपली जुनी रीत आहे, गुळाचा खडा मागून घ्या, उन्हातून आलेल्याला तो चहापेक्षा बरा. आणि जिथं चुलीवर चहा आधीच चढलेला असंल, तिथं "बशीत घोटभरच ओता, तुमचं मन मोडायचं नाही" म्हणा आणि तो घोट त्यांच्या ओट्यावर बसून प्या. पहिले आठ-दहा दिवस रोज सांगावं लागंल, मग तुमच्या रूटवरच्या बायका एकमेकींना सांगतील की वसुलीवाल्या भाऊला चहा चालत नाही, ताक ठेवा.

डॉक्टरांकडं जाताना वहिनींना सोबत न्या. त्यांची सवयीची भीती त्यांनीच डॉक्टरांना विचारू द्या, तुम्ही सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात घरात फरक पडतो. दर वेळी संभाजीनगर परवडत नसंल तर नांदेड, अंबाजोगाई आणि लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात पण मानसोपचार विभाग आहे, जाताना जुने कागद न्या. मध्येच मन फार खचलं किंवा जिवाची घालमेल झाली तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

गोळी कायमची बंद करायची का, याचं उत्तर आज ना मी देऊ शकते ना तुम्ही, कारण चहा, झोप आणि जेवण जागेवर असताना ती गोळी तुमच्यावर कामाच्या दिवशी कशी चालते हे अजून कुणी बघितलेलंच नाही. डॉक्टरांनी ईसीजी बघून गोळी चालू ठेवा म्हणलं तर तीन कपांवर आल्यानंतरचे दोन आठवडे बघा. तरीही दुपारची धडधड राहिली तर ते गोळीचंच काम असू शकतं, मग डोस कमी करणं, वेळ बदलणं किंवा अॅटोमॉक्सेटिनसारखं उत्तेजक नसलेलं औषध असे रस्ते आहेत. अॅटोमॉक्सेटिनचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात आणि नाडी-बीपी त्यानं पण थोडं वाढू शकतं, म्हणून ते सुरू झालं तरी पुठ्ठ्यावरच्या रेघा आणि उपकेंद्रातलं बीपी चालूच ठेवायचं.